पाइपला टोपी

पाइपच्या टोकाला रबराची मऊ टोपी घालावी की घालू नये, हा प्रश्न ज्यांच्यापुढे कधीच उभा राहिला नाही अशी माणसं या जगात पुष्कळ आहेत, आणि ती सुखी आहेत. दिवाळी अंकासाठी संपादकांनी लेख मागितला की मराठीच्या प्राध्यापकानं काहीतरी भारदस्त लिहावं, निदान शुद्धलेखनाच्या दुर्दशेवर दोन अश्रू तरी ढाळावेत, अशी अपेक्षा असते. माझाही विचार तसाच काहीसा होता. पण गेलं वर्षभर हा टोपीचा प्रश्न माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठाण मांडून बसला आहे. त्याचा निकाल लावल्याखेरीज तो दुसऱ्या कुठल्या विषयाला जवळ येऊ देईल असं दिसत नाही. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी, आणि पाइपशी काही संबंध नसला तरी घटकाभर माझ्याबरोबर बसावं.

संबंध तसा माझाही अर्धाच आहे. मी पाइप ओढत नाही, नुसता धरतो. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात येतो, आणि 'संत तुकाराम हे पेशवाईतील एक थोर शाहीर होते' अशासारखं वाक्य वाचायची पाळी येते. अशा वेळी दाताखाली काहीतरी घट्ट असलेलं बरं असतं. रिकामा पाइप या कामाला उत्तम. त्यात तंबाखू नाही, काडी नाही, धूर नाही. पाइपचा धूर छातीत घेत नाहीत, तोंडातच खेळवून सोडतात, म्हणून तो निरुपद्रवी असतो असं सांगणारे सज्जन अजूनही भेटतात. त्यांचं म्हणणं साफ खोटं आहे. धूर छातीत उतरला नाही तरी ओठ, जीभ, घसा यांना तो सोडत नाही, आणि त्यांचा कर्करोग पाइपनंही होतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पण ते पुढं येईलच.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. पाइपची वाटी, म्हणजे ज्यात तंबाखू भरतात तो भाग, बहुधा ब्रायरच्या लाकडाचा असतो. भूमध्य समुद्राच्या काठानं एक झुडूप उगवतं. त्याच्या बुंध्याशी, जमिनीच्या पोटात, एक टणक गाठ वाढते. ही गाठ सहजासहजी जळत नाही, म्हणून ती कोरून वाटी करतात. फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातलं सँ-क्लोद नावाचं गाव एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून याच कामासाठी प्रसिद्ध झालं. पाइपवर लिहिणारे सगळे लोक या वाटीचं कौतुक करतात. तिचा रेषांचा पोत, तिचा रंग, तिची पॉलिश! पण माणूस वाटी तोंडात धरत नाही, नळी धरतो. आणि आमचा सगळा तंटा या नळीच्या शेवटच्या अर्ध्या इंचाचा आहे.

नळी पूर्वी शिंगाची, हाडाची, श्रीमंताघरी अंबरची असे. पुढं एबोनाइटची आली, आणि आता ॲक्रिलिकचीही मिळते. तोंडाकडे ती चपटी होत जाते आणि अगदी शेवटी तिला एक बारीक उंचवट्याची कड असते. या कडेच्या मागं दात टेकायचे, म्हणजे पाइप निसटत नाही. तिथं नळीची जाडी जेमतेम चार मिलिमीटर असते. ती आणखी पातळ कशी करावी आणि तरी मोडू कशी देऊ नये, यात चांगल्या कारागिराची सारी अब्रू असते. डब्लिनच्या चार्ल्स पीटरसननं 1898 साली नळीच्या टोकाचं भोक समोर न ठेवता वरच्या बाजूला आणण्याचं पेटंट घेतलं. धूर जिभेवर न जाता टाळूकडे जावा, जिभेला चटका बसू नये, एवढ्यासाठी! अर्ध्या इंचाचा इतका विचार माणसानं केला आहे.

आणि तरी एक गोष्ट कुणालाच टाळता आली नाही. पाइपचं वजन चाळीस-पन्नास ग्रॅम. म्हणजे काहीच नाही. पण हे वजन दातांपासून वीतभर लांब, नळीच्या दुसऱ्या टोकाला असतं. भरलेली कळशी कडेवर घेणं वेगळं आणि हात लांब करून धरणं वेगळं. सरळ पाइप दातात धरून कुणी पुस्तक वाचायला बसला की त्याचे दोन दात त्या लांब केलेल्या हाताचं काम करत असतात. वाकड्या नळीचा पाइप हनुवटीकडे लोंबतो, त्याचा भार थोडा कमी लागतो, एवढंच. अशा वेळी दोघांपैकी एकानं हार खाल्लीच पाहिजे. जुन्या काळी भाजलेल्या मातीचे पाइप असत, तेव्हा दात हार खात. इंग्लंड-हॉलंडमधल्या जुन्या दफनभूमी उकरताना संशोधकांना असे सांगाडे मिळाले आहेत की ज्यांचे वरचे-खालचे दात जुळवले तर मधे वाटोळं भोक दिसतं. वर्षानुवर्षं मातीची नळी तिथंच घासून तयार झालेलं. माणूस गेला, तंबाखू गेली, पाइप गेला. राहिली ती त्याची खाच. एबोनाइट आल्यावर पारडं फिरलं. आता दात टिकतात आणि नळी खाणाखुणांनी भरते.

या भांडणात तडजोड म्हणून रबराची टोपी आली. नखाएवढी, काळी, मऊ. कोमट पाण्यात घालून जरा सैल करायची आणि नळीच्या टोकावर चढवायची. किंमत क्षुल्लक, पण हिच्यावरून पाइपवाल्यांत जे दोन पंथ पडले आहेत ते आमच्या शुद्धलेखनाच्या पंथांसारखेच कडवे आहेत. एक पंथ म्हणतो, टोपी घातली की दातांना धक्का बसत नाही, नळीवर ओरखडा उमटत नाही, पकड घट्ट राहते, हात मोकळे राहतात. दुसरा म्हणतो, कारागिरानं जीव ओतून पातळ केलेलं टोक तुम्ही पुन्हा जाड करता, म्हणजे त्याच्या मेहनतीवर पाणी ओतता. शिवाय पहिले काही दिवस रबराचा वास येतो, आत लाळ साचते, आणि ऐन बोलण्याच्या भरात टोपी निसटून तोंडातच राहते. हातमोजा घालून कुणी शेकहँड करतो का, असा या पंथाचा सवाल आहे.

आपण भारतीय लोक स्वभावानं पहिल्या पंथाचे. वहीला कव्हर, कव्हराला प्लॅस्टिक, सोफ्याला अभ्रा, टीव्हीच्या रिमोटला पिशवी! मोबाइल घेतल्यावर त्याचा खरा रंग मालकाला पुन्हा दिसतो तो थेट विकताना. वस्तू जपण्याच्या नादात वस्तूशी आपली भेटच होत नाही. म्हणून माझा ओढा आधी दुसऱ्या पंथाकडे होता, हे सांगायला हरकत नाही.

आमच्या कॉलेजातले रसायनशास्त्राचे एक प्राध्यापक माझे स्नेही आहेत. त्यांना जुने पाइप, जुनी पेनं दुरुस्त करण्याचा नाद आहे. मी हातमोज्याचा मुद्दा मांडला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "अहो, हातमोजा कसला? रबरावर रबरच आहे ते." मग त्यांनी मला जे सांगितलं ते ऐकून मी चकित झालो. एबोनाइट हे नाव आबनुसाच्या काळ्या लाकडावरून आलं, पण त्यात लाकडाचा अंशही नाही. ते रबरच आहे. रबराच्या चिकात थोडं गंधक घालून तापवलं की मऊ, लवचीक रबर होतं. चार्ल्स गुडइयरनं अमेरिकेत 1844 साली याचं पेटंट घेतलं. आणि गंधक भरपूर घालून पुष्कळ वेळ तापवलं की तेच रबर लाकडासारखं टणक होतं. त्याचं पेटंट 1851 साली त्याच्याच भावानं, नेल्सन गुडइयरनं घेतलं. म्हणजे टोपी आणि नळी या एकाच चिकाच्या दोन लेकी. एकीला संसारात गंधक कमी भेटलं, ती मऊ राहिली. दुसरीला जास्त भेटलं, ती कठीण झाली. अशा बहिणी आपण सगळ्यांनीच पाहिलेल्या आहेत.

ही टोपी अगदीच परकी आहे असंही नाही. आपल्याकडे चिलमीला छापी असते. छापी म्हणजे ओल्या फडक्याचा तुकडा, चिलमीच्या बुडाशी गुंडाळलेला. त्यातून धूर जरा निवून येतो, निखाऱ्याचा कण तोंडात जात नाही, आणि चिलीम या हातातून त्या हातात फिरते तेव्हा तिच्या मातीला कुणाचे ओठ लागत नाहीत. किती छान शब्द आहे! पण छापी आणि टोपी यांत एक मोठा फरक आहे. चिलीम चारचौघांची, म्हणून तिची छापी चारचौघांसाठी. पाइप मात्र एकट्याचा. एकाचा पाइप दुसरा सहसा तोंडात धरत नाही. मग एकट्याच्या वस्तूला आड पडदा कशाला, आणि कुणापासून?

या प्रश्नाचं उत्तर मला माझ्या मामांच्या पाइपनं दिलं.

मामा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते आणि डोंबिवलीला राहत. 1966 साली, पगारवाढ झाली तेव्हा, त्यांनी फोर्टातल्या एका दुकानातून हा पाइप घेतला. सरळ नळीचा, साधा, पण ब्रायरचा. आठवडाभर कामावर ते त्याला हात लावत नसत. रविवारी सकाळी मात्र वर्तमानपत्र, चहा आणि पाइप अशी त्यांची पूजा चाले. पाइप दातात असला की प, फ, ब, भ, म ही सगळी ओष्ठ्य पलटण नीट उच्चारता येत नाही. म्हणून एरवी मला 'बाळ्या' म्हणणारे मामा पाइप चालू असताना नुसतं 'ए' म्हणत. वर्णमालेचा हा धडा मला कॉलेजात जायच्या कितीतरी आधी मिळाला.

1996 साली मामांनी कवळी बसवली. आणि त्यांची फार पंचाईत झाली. कवळीवर एबोनाइट म्हणजे काचेवर काच. पाइप घसरायचा, कटकट वाजायचा, आणि जरा घट्ट धरला तर वरची कवळीच खाली यायची. तेव्हा कुणीतरी त्यांना रबराची टोपी आणून दिली. मामा मला म्हणाले होते, "नवे दात पाइपला ओळखत नाहीत रे. मध्यस्थ हवा." त्या मध्यस्थानं काम चोख केलं. कवळी लावणाऱ्या माणसाला ही टोपी म्हणजे चैन नसते, गरज असते. दुसऱ्या पंथाच्या लोकांनी एवढं तरी मान्य करायला हवं.

2004 साली मामांच्या जिभेच्या कडेला एक पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी पाइप सोडायला सांगितला आणि मामांनी त्याच दिवशी सोडला. म्हणजे पेटवणं सोडलं. रिकामा पाइप मात्र दातात असायचा, अगदी रुग्णालयाच्या बाकावरही. पण चट्टा थांबला नाही. पहिली शस्त्रक्रिया झाली तेव्हा त्यांचं बोलणं गेलं. 'ए' सुद्धा म्हणता येईना. 2006 च्या पावसाळ्यात मामा गेले. चौदावा झाल्यावर मामींनी पाइप एका रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "घरात ठेववत नाही आणि टाकवत नाही. तू घेऊन जा. पण पेटवू नकोस."

मी तो पेटवला नाही. कपाटाच्या खणात ठेवला, आणि कितीतरी वर्षं उघडूनही पाहिला नाही. मधल्या काळात माझं लग्न झालं, नोकरी कायम झाली, केस पांढरे व्हायला लागले. गेल्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत तो रुमाल वर आला. रबराला वय झालं होतं. ते आधी चिकट आणि मग कडक होऊन त्याला भेगा गेल्या होत्या. बोट लावलं आणि टोपी दोन तुकडे होऊन माझ्या तळहातावर पडली.

एबोनाइटला ऊन आणि दमट हवा मानवत नाही. गंधक वर येतं आणि काळी नळी हळूहळू शेवाळलेल्या भिंतीसारखी हिरवट-तपकिरी होते. मामांची नळी तशीच झाली होती. पण टोपीखालचा अर्धा इंच काळाच्या काळा राहिला होता. आणि त्या काळ्या भागावर दातांच्या खुणा होत्या. वरच्या बाजूला दोन, त्यांतली डावीकडची खोल. खालच्या बाजूला एक, उथळ. कवळीच्या नव्हेत. कवळी रबरावर टेकत होती. तिच्या खुणा त्या दोन तुकड्यांबरोबर गेल्या. या खुणा त्याच्या आधीच्या. मामांच्या स्वतःच्या दातांच्या, तीस वर्षांच्या रविवारांच्या. त्यांचे दात केव्हाच पडले होते, ते स्वतः जाऊन अठरा वर्षं झाली होती, आणि त्यांचा चावा मात्र इथं जसाच्या तसा होता. रबरानं तो झाकला होता. आणि झाकला होता म्हणूनच जपला होता.

मी पाइप आमच्या रसायनवाल्या स्नेह्यांना दाखवला. ते खूश झाले. "द्या माझ्याकडे," म्हणाले, "नवा करून देतो. हिरवा थर पॉलिशनं जाईल. आणि हे खड्डे ना, ते भरावेही लागणार नाहीत. दिव्याच्या ज्योतीपासून जरा दूर धरून शेकलं की आपोआप वर येतील." मला खरं वाटेना. पण तसं होतं खरं. एबोनाइट एकदा ज्या आकारात पक्कं झालं तो आकार ते विसरत नाही. दातांनी दाबलेली जागा ऊब मिळाली की फुगून पूर्ववत होते. आरपार भोक पडलं असेल तर मात्र इलाज वेगळा. नुसते दाब असतील तर पाच मिनिटांचं काम.

मी पाइप परत घेतला आणि विचार करतो म्हणालो. एबोनाइटला स्मरण असतं, हे ऐकायला फार सुंदर आहे. पण ते कुठलं स्मरण? कारखान्यातलं. मामांनी दुकानात पैसे मोजले त्याच्याही आधीचं. ते परत आणायचं म्हणजे नंतरचं सगळं विसरायला लावायचं. एक स्मरण जागं करण्यासाठी दुसरं पुसायचं, असा तो सौदा होता.

वॉशिंग्टनच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आइन्स्टाइनचा एक पाइप ठेवलेला आहे. उतारवयात त्यांनाही डॉक्टरांनी धूम्रपान बंद करायला सांगितलं होतं, आणि तेही रिकामा पाइप तोंडात धरून चावत बसत. त्या पाइपच्या नळीला चावून चावून भोक पडलेलं आहे. ते भोक बुजवावं असं संग्रहालयाला वाटलं नाही. बुजवलं असतं तर तो एक बऱ्यापैकी जुना पाइप झाला असता. भोक आहे म्हणून तो आइन्स्टाइनचा आहे. माझे मामा आइन्स्टाइन नव्हते. रेल्वेच्या डब्यांची चाकं तपासत होते. पण न्याय तोच लागू व्हायला काय हरकत आहे?

तरीही निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता. एका रविवारी मी पाइप घेऊन डोंबिवलीला गेलो. मामी आता ऐंशीच्या पुढं आहेत. त्यांना नजरेनं फार दिसत नाही. त्यांनी पाइप हातात घेतला, नळीच्या टोकावरून अंगठा फिरवला, आणि तो डावीकडच्या खुणेवर थांबला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हा त्यांचा सुळा. याच बाजूनं हसायचे. कवळी बसवल्यावर हसणं सरळ झालं. मला नाही आवडलं कधी."

मी स्नेह्यांचं बोलणं सांगितलं. शेकलं तर खुणा जातात, म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग मला विचारलं, "यावरचं रबर कुठं गेलं?"

"तुटलं मामी. जुनं झालं होतं."

"मग नवं घाल. तू उत्तरपत्रिका तपासताना हा तोंडात धरतोस ना? तुझे दात लागतील यावर."

दोन्ही पंथांनी आजवर जेवढे मुद्दे मांडले त्यांत हा मुद्दा नाही. टोपी दातांसाठी की नळीसाठी, एवढंच ते भांडत आले. आता मला विचाराल तर मी सांगेन, नव्या पाइपची नवलाई टिकावी म्हणून टोपी घालू नये. वस्तू वापरायची तर तिच्यावर आपली खूण पडायला घाबरू नये. बिनखुणेची वस्तू दुकानातही मिळते. कवळी असेल, दात हलत असतील, तर जरूर घालावी; नळी दुसरी मिळते, दात मिळत नाहीत. पाइपला जिवापेक्षा मोठं करण्यात अर्थ नाही, आणि ज्यांना अजून सोडता येत असेल त्यांनी तर टोपीचा विचार न करता पाइपच सोडावा. मामांचा अनुभव माझ्यापुढं आहे. पण जिथं आपल्या आधी कुणाच्या तरी खुणा पडून गेल्या आहेत, तिथं मधे एक मऊ पडदा असावा. आपले दात त्यांच्यावर पडू नयेत म्हणून.

मी टोप्यांचं पाकीट मागवलं. एक कोमट पाण्यात घातली, नळीवर चढवली, आणि डावीकडची खोल खूण आत गेली. स्नेह्यांनी हिरवा थर तेवढा काढून दिला. ज्योतीजवळ त्यांनी नळी नेली नाही. माणूस भला आहे.

ही टोपीही चार-पाच वर्षांत चिकट होईल, तडकेल, आणि दुसरी घालावी लागेल. परवा पाहिलं तर पहिल्या सत्राच्या उत्तरपत्रिकांनी तिच्यावर माझ्या दातांचे दोन ठसे उमटवले आहेत. ते या रबराबरोबर जातील. मला चालेल.